शकूच्या मेंदूचा कागद

शकूचं काय काय दुखतं असं विचारू नका, संध्याकाळ होईल. काय दुखत नाही ते विचारा. हात. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत दोन्ही हात सोडले तर उरलेली सगळी शकू दुखते. मान, खांदे, कंबर, मांड्या, जबडा. सकाळी जबडा असा धरलेला असतो की चहाचा पहिला घोट ती मान तिरकी करून घेते. बारा वर्षं हे असंच चाललंय.

सासर जयगड, जन्म हर्णेचा. वय सत्तेचाळीस. नवरा मोरू जाऊन सात वर्षं झाली. सकाळी जेटीवर मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर चढवायची आणि वरच्या वाड्यांमधून हिंडून विकायची, दुपारच्या आत घरी. दुखण्यापायी एक दिवस घरी बसलेली नाही, आणि नेमकं तेच तिच्या अंगाशी येतं. "एवढं दुखतं तर पाटी कशी उचलतेस गो?" हे तिला अर्ध्या गावाने विचारलंय. एका डॉक्टरनेही विचारलंय. एक्सरे झाले, रक्त झालं, पाठीचा एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. नॉर्मल हा शब्द शकू शिवीसारखा उच्चारते.

मुलगा रूपेश लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टवर आहे. खोली तिकडेच, रविवारचा घरी येतो. सून रुपाली आणि चार वर्षांची नात दिशा शकूजवळ. "आयेचं नाटक" हा शब्द मी रूपेशच्याच तोंडून ऐकला. रागाने नाही म्हणायचा, हसत म्हणायचा. हसत म्हटलेलं जास्त लागतं.

मी दर्शना. सातवी पास. मासळी विकणाऱ्या बायकांची कामं करते, रेशन, पेन्शन, दाखले. इंग्रजी औषधाच्या खोक्यांवरून आणि बँकेच्या फॉर्मांवरून शिकले. शिकवलं कुणी नाही, त्यामुळे उपकारही कुणाचे नाहीत. माझं सगळं काम एकाच गोष्टीवर चालतं. साहेब नाही म्हणाला की त्याच्याच खात्याचा कागद त्याच्याच टेबलावर ठेवायचा आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायचं. वीस वर्षांत कागदाने मला दगा दिला नव्हता. म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

जानेवारीत कळलं की रत्नागिरीत मुंबईच्या डॉक्टरांचं एक पथक आलंय. वर्षानुवर्षं दुखणं असलेल्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढणार, आणि लहानपणाबद्दल काही प्रश्न विचारणार. फुकट. मी शकूला म्हटलं, चल. ती म्हणाली, "दुखतंय पाठीत, फोटो डोक्याचा कशाला?"

"पाठीचा काढून झाला ना? काय मिळालं?"

"नॉर्मल," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंचं नाव ऋजुता. तिशीतली, आवाज हळू. मला पहिल्याच मिनिटाला आवडली नाही, कारण ती मला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबलात तर बरं." मी म्हटलं, मी बाहेर थांबायला आलेले नाही. ती माझ्याशी भांडली नाही, शकूकडे वळली. "तुम्हाला या आत हव्यात का? नको असतील तर तसं सांगा, मी यांना चहाला पाठवते." शकू म्हणाली, "बसूद्यात. नायतर दारात उभी राहून ओरडंल."

प्रश्न लांबलचक होते. लहानपणी घरी पोटभर मिळायचं का. कुणी जीव लावायचं का. अंगावर वळ उठेपर्यंत कुणी मारलं का. उत्तरं पाच: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. शकू सगळ्याला एकच उत्तर देत सुटली. कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. जनगणनावाल्याला घालवावं तशी.

मला तिची गोष्ट गावाला माहीत होती तेवढी माहीत होती. आई गेली तेव्हा शकू पाच वर्षांची. बाप बोटीवर. हर्णेतल्याच आतेने तिला आपल्या घरी नेलं, वाढवलं, लग्न लावून दिलं. आते गेली तेव्हा लोक म्हणाले, सख्खी आई करणार नाही एवढं केलं बाईने.

आठव्या की नवव्या प्रश्नाला शकू थांबली. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "एक विचारू? हात बर्फात धरायला लावणं म्हणजे मारणं धरायचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सांगा."

मग ते निघालं, मासळीच्या पाटीतून पाणी निथळतं तसं थेंबाथेंबाने. आते सोडे करायची. ताजी कोलंबी सोलून उन्हात वाळवली की सोडे होतात, आणि सोडा अख्खा पाहिजे, तुटला की भाव पडला. पाच वर्षांची शकू कोलंबी सोलायला बसायची. एक तुटली की बर्फाच्या पेटीत दोन्ही हात, शंभर आकडे होईपर्यंत. तिला वीसपर्यंतच यायचे. म्हणून वीस पाच वेळा. मधे रडली की आते म्हणायची, "परत पयल्यापासून." मग ती रडायची थांबली. दात दाबून धरायची. पाऊस लागला की सोडे ज्या कोठीत ठेवायचे तिथे तिला बंद करायची आते, उंदीर यायला नकोत म्हणून. एक एक दिवस.

"पण आतेने पोसलं हो," शकू म्हणाली. "नायतर कोण होतं मला."

"दोन्ही लिहू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी त्या खुर्चीत बसून होते आणि मला राग कुणाचा येतोय तेच कळत नव्हतं. मेलेल्या बाईवर मोर्चा काढता येत नाही. आणि एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, आता सांगते. चार वर्षांपूर्वी मीसुद्धा शकूला म्हटलं होतं, "शकू, थोडं मनाचंही असतं गो." ती तेव्हा पाटी उचलून चालायला लागली होती.

फोटोच्या यंत्रातून बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आत जयगडच्या सगळ्या होड्यांची इंजिनं लावून ठेवलीत मेल्यांनी." हसली. मला वाटलं, काम झालं.

मी रिपोर्ट मागितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकेकट्या माणसाचा असा रिपोर्ट नसतो. तातडीचं काही दिसलं तर कळवू. बाकी शेकडो माणसांचं एकत्र बघायचं असतं, त्याला दोन वर्षं लागतील. मी म्हटलं, बाई जयगडवरून आलीय, मोकळ्या हाताने जाणार नाही. पाच मिनिटं भांडले. शेवटी तिने एक छापील कागद दिला. सगळ्यांना देत होती तोच, मला भांडून मिळाला असं वाटलं एवढंच. वर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: लहानपणीचा छळ, मेंदू आणि दीर्घकाळचं दुखणं.

पहिलं वाक्य असं होतं की ज्यांनी लहानपणी छळ सोसला त्यांच्यात पुढे दीर्घकाळ दुखणं असण्याचं प्रमाण जास्त दिसतं. दुसरं असं की अशा माणसांच्या मेंदूच्या काही भागांच्या आकारात आणि जाडीत इतरांपेक्षा सरासरीने फरक आहे, असं काही अभ्यासांना दिसलंय, आणि हा फरक दुखण्याशी जोडलेला आहे का ते आम्ही तपासतोय. तिसरं वाक्यही होतं, पण एसटीत बसून मी पहिलीच दोन वाक्यं तीन वेळा वाचली. तिसऱ्यावर नजर गेली, थांबली नाही.

रविवारी मी शकूच्या घरी गेले. रूपेश पडवीत बसून पायाची नखं काढत होता, रुपाली आत भाकऱ्या थापत होती. शकू भिंतीला टेकून. मी म्हटलं, "रूपेश, ते ठेव खाली आणि ऐक." मी उभी राहून वाचलं, तहसीलदारासमोर वाचते तसं. हर्णेच्या बर्फाची गोष्टही सांगितली. शकूला विचारलं नाही. वाचून झाल्यावर कागद त्याच्या मांडीवर टाकला. "नाटक म्हणत होतास ना? मेंदूत फरक आहे. छापलंय. वाच."

मी थांबले होते तो शरमेने मान खाली घालेल म्हणून. त्याने कागद उचलला, वाचला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पण ती शरम नव्हती.

"म्हंजे आयेचा मेंदू बिघडलाय?"

"बिघडला नाही रे, फरक."

"फरक म्हंजे?"

मी कागदावर पुन्हा बोट ठेवलं. आतून रुपाली आली, पिठाच्या हातांनीच. तिने दिशाला शकूच्या शेजारून उचलून कडेवर घेतली. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण शकूने ते बघितलं.

रुपालीला बंदरातल्या कॅन्टीनमध्ये नोकरी लागली होती, एक फेब्रुवारीपासून, नऊ ते पाच. दिशा अंगणवाडीत बारापर्यंत, मग शकूजवळ, असं ठरलेलं. त्या संध्याकाळी रूपेशने मोबाइलवर काय काय बघितलं देव जाणे. मला त्याचा फोन आला. "दर्शनाबाय, यात सांगतात, ज्याने लहानपणी मार खाल्ला तो पुढं पोरांना मारतो."

"तुला मारलं तुझ्या आईने? एकदा तरी?"

"नाय. कदी बोट लावलं नाय."

"मग?"

"मगाशीपर्यंत मला वाटत होतं मला आये माहीत हाय," तो म्हणाला. "आता वाटतं आत काय हाय ते दिसतच नाय." त्याचा आवाज लहान झाला होता. पुढे म्हणाला की तो लोट्याला दोन खोल्यांची जागा बघतोय. रुपालीने नोकरी धरायची नाही. दिशा आणि ती तिकडे. आयेला पैसे पाठवेन, कमी पडू देणार नाही.

शकूची सगळी दुनिया ती पोर होती. आणि ती मी एका कागदाने तिच्या हातून काढायला लावली होती. माझी चूक मी एकदाच कबूल करते, आणि ती इथे केली.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला, ओरडायच्या तयारीने. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिसरं वाक्य वाचलंत का?"

कागद माझ्याकडे नव्हता. तिने तोंडपाठ सांगितलं. हे सरासरीबद्दल आहे, यावरून कुठल्याही एका माणसाबद्दल काही ठरवता येत नाही, आणि मेंदू पुढेही बदलत असतो.

"मग तुम्ही या आणि त्याला हे सांगा," मी म्हटलं. "शिक्का मारून लिहून द्या, शकूपासून पोरीला धोका नाही."

"असं मी कुणाबद्दलच लिहून देऊ शकत नाही, दर्शनाताई. तुमच्याबद्दलही नाही. मार खाल्लेली बहुतेक माणसं पुढे मुलांना छळत नाहीत, हे मी त्यांना सांगेन. पण तो 'बहुतेक' ऐकेल आणि उरलेल्यांना घाबरेल." मग म्हणाली, "शकूताई कशा आहेत? त्यांनी तुम्हाला ते घरी सांगायला सांगितलं होतं का?"

मी फोन ठेवला. मला असं कुणी विचारलेलं आवडत नाही, खासकरून विचारणारा बरोबर असला की. तिने मागाहून एका समुपदेशक बाईचा नंबर पाठवला, शकूसाठी. रूपेशलाही तिने फोन केला. तो हो हो म्हणाला, पण खोली बघणं त्याने थांबवलं नाही.

शकूचं वेगळंच सुरू झालं होतं. मी सोमवारी गेले तेव्हा ती स्वतःच्या हातांवर बसली होती. खरंच, दोन्ही तळवे मांडीखाली घालून. समोर दिशा पाटीवर रेघोट्या ओढत होती. "पाठ दुखते म्हणून बसलीस अशी?" मी विचारलं. ती म्हणाली, "तसंच काय." दिशाने "आजी, घे" म्हणून हात वर केले तर म्हणाली, "आईकडं जा." पोरगी उभीच राहिली. तिला हे नवीन होतं.

मंगळवारी दुपारी शकू माझ्या दारात आली. उन्हाची, डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही.

"घडलं, दर्शनाबाय."

मी भांडं खाली ठेवलं. "मारलंस?"

"नाय." ती दाराची चौकट धरून उभी. "रुपाली कागद करायला बंदरात गेलीय. पोरगी शंभर म्हणत होती. अंगणवाडीत शिकवलंय. चाळीसवर अडकली नि रडायला लागली. नि माज्या तोंडातून आलं, 'परत पयल्यापासून.' तसंच. आतेच्याच आवाजात. मी नाय बोलले, दर्शनाबाय, माज्या तोंडातून कुणी बोललं."

"पोरगी कुठे आहे आता?"

"ज्ञानेश्वरीजवळ." ज्ञानेश्वरी म्हणजे शेजारीण, कुंपणापलीकडची. "तिला हाक मारली, म्हटलं, हिच्याजवळ बस, मी इथं थांबत नाय. नि चालत सुटले." मग तिने विचारलं ते मी अजून विसरले नाही. "तू वाचतेस ना सगळं. खरं सांग. माज्या हातून व्हईल काय?"

'छे गो' म्हणता आलं असतं, पण चार वर्षांपूर्वी तिला मी असंच सोपं काहीतरी बोलले होते. मी म्हटलं, "मला माहीत नाही, शकू. त्या डॉक्टरणीलाही माहीत नाही. नंबर दिलाय तिने एका बाईंचा, लावू?"

लावला. शकू त्या बाईंशी माझ्या मोरीजवळ उभी राहून पाऊण तास बोलली. मी बाहेर जाऊन बसले. या वेळी मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

रूपेश पुढच्या रविवारी आला तो खोलीची किल्ली घेऊनच. रुपालीने भांडण केलं, नोकरी सोडणार नाही म्हणाली, त्याने आवाज चढवला, तिने त्याहून. शेवटी तो म्हणाला, देवाला विचारू. कौल लावू. पोर इथं ठेवायची की न्यायची. आमच्याकडे हे नवीन नाही. जमिनीपासून सोयरिकीपर्यंत माणसं देवाला विचारतात. पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक कळी पाण्याने चिकटवायची, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी असल्या गोष्टींना जात नाही. त्या दिवशी गेले, कारण शकूने निरोप पाठवला, "ये."

देवळात दुपारी दोनचं ऊन दारापर्यंत आलं होतं. विठू गुरव म्हणजे साठीचा, बारीक, सगळ्या गावाची भांडणं ऐकून ऐकून कंटाळलेला माणूस. रूपेशला तीनची एसटी गाठायची होती, सकाळी पहिली शिफ्ट. त्याने बॅग देवळाच्या पायरीवर ठेवली. दिशा रुपालीच्या पायाशी. शकू खांबाजवळ, सगळ्यांपासून लांब.

विठूने कळ्या ओल्या करून लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरं तुज्या दारात आलीत..." मग थांबून रूपेशकडे वळला. "कारण सांग. काय म्हणून विचारतोस?"

"आयेच्या डोक्यात दोष हाय," रूपेश म्हणाला.

"कसला दोष? कुठून आला?"

"सांगितलं ना, दोष हाय."

"रूपेश, अर्धं सांगून कौल लागत नाय. देवाला काय मोबाइल हाय काय, बघून घ्यायला?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी दात दाबून उभी राहिले. आयुष्यात फार कमी वेळा राहिलेय.

"मी सांगते," शकू म्हणाली.

ती पुढे आली नाही, खांबाजवळूनच बोलली, देवाकडे बघत. बर्फ सांगितला. कोठी सांगितली. आतेने पोसलं तेही सांगितलं. मुलाने माझ्याकडून ऐकलेलं आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग जे कुणाला सांगायची गरज नव्हती तेही तिने सांगितलं, मंगळवारचं. पोरीला काय बोलले, कुठल्या आवाजात. मी मनात म्हटलं, शकू, गप्प बस, तू स्वतःच्या हाताने पोरगी देतेस. ती थांबली नाही.

"आता कौल लाव," ती विठूला म्हणाली. "पण उजवी पडून देव पोर ठेव म्हणाला तरी एक हाय. मी एकटीने पोर संभाळायची नाय. मला भ्या वाटलं की मी पायरीवर जाऊन ज्ञानेश्वरीला हाक मारणार, नि तिने यायचं. मी तिला विचारलंय. रात्री रुपालीला सांगणार, आज किती वेळा मारली हाक. हे चालत असंल तर ठेवा. नायतर न्या."

विठूने देवापुढे हात जोडले. आम्ही कळ्यांकडे बघत राहिलो.

कळ्या पडेनात. अडीच वाजले. पावणेतीन. विठू म्हणाला, पाणी जास्त झालं बहुतेक. रूपेश एकदा बॅगेकडे बघे, एकदा देवाकडे, एकदा घड्याळाकडे. लोट्याला पहिली शिफ्ट चुकली की काय होतं ते त्याला माहीत होतं, आणि कौल अर्धवट सोडला की काय होतं तेही त्याला लहानपणापासून सांगितलेलं होतं. घाम पुसत होता. उजवी कळी थोडी कलल्यासारखी वाटली. नव्हती.

रुपाली शकूकडे वळली. आठवडाभरात पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलली. "मंगळवारी तुम्ही तिच्यावर ओरडलात, त्यानंतर ज्ञानेश्वरीकाकी येईपर्यंत काय केलंत?"

"पायरीवर जाऊन उभी राहिले. दारातून तिच्याशी बोलत."

"काय बोललात?"

"चाळीसच्या पुढचं सांगत होते. एकेचाळीस, बेचाळीस. तिच्याबरोबर म्हणत होते." "सत्तरपर्यंत झालं. मग काकी आली."

रुपालीने दिशाकडे बघितलं. मग रूपेशला म्हणाली, "तुम्ही एसटी पकडा. एक तारखेला मी कामावर जातेय. दिशा इथं राहील. यांच्या अटीवर."

"कौल पडला नाय अजून."

"एसटी थांबते काय तुमची कौलासाठी?"

रूपेशने आईकडे बघितलं. त्याने बॅग उचलली, दिशाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "महिनाभर बघू. एक जरी तसलं कळलं तरी नेणार." मग विठूला विचारलं, "हे असं सोडलं तर चालतं काय?"

"देवाने ऐकलंय," विठू म्हणाला. "जा तू, गाडी जाईल." आणि पूजेचा डबा आवरायला लागला.

एक तारखेपासून पहिला आठवडा मी रोज काही ना काही कारण काढून बाराला त्यांच्या वाडीत जायचे. कुंपणाबाहेर उभी राहायचे. लाज वाटायची, तरी जायचे. पहिल्या आठवड्यात हाक दोनदा गेली. रुपाली रात्री विचारायची, शकू सांगायची, रुपाली फोनवर रूपेशला सांगायची. तो ऐकून फोन ठेवायचा. हे वाईट की चांगलं ते तिलाही कळायचं नाही. समुपदेशक बाईंचा फोन बुधवारी. दुखणं तसंच, काडीचा फरक नाही. जबडा तर जास्तच धरतो, शकू म्हणते, कारण आता तोंड उघडावं लागतं.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दिशाने भाताचं ताट लोटलं. मुद्दाम, चार वर्षांची पोर लोटते तसं. शकू पायरीवर आली, हाक मारली. उत्तर नाही. ज्ञानेश्वरी नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली होती, सांगायची राहिली. शकूने दुसऱ्यांदा हाक मारली. मला फोन केला, मी रत्नागिरीत होते, बँकेत, फोन पिशवीत बंद. आत दिशा किंचाळत होती.

पुढचं मला ज्यांनी बघितलं त्यांनी सांगितलं. शकू आत गेली, पोरीला उचललं आणि भर एकच्या उन्हात तिला कडेवर घेऊन सरळ जेटीवर चालत गेली. तिथे बायका जाळ्याच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध जाऊन बसली. म्हणाली, "पाच वाजेपर्यंत मी इथून उठणार नाय. माज्याकडं लक्ष ठेवा." एकीने विचारलं, काय झालं गो. दुसरी म्हणाली, विचारू नको, सरक, जागा दे. दिशाने कुणाचा तरी लाडू खाल्ला आणि झोपली.

पाचला रुपाली कामावरून थेट तिथे आली. रात्री तिने रूपेशला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मी तेव्हा तिथे होते, माझा फोन बंद होता म्हणून शिव्या खायला गेले होते. रुपालीने फोन स्पीकरवर टाकला. शकू चुलीपाशी, पाठमोरी, तिची मान ताठ झालेली मला दिसत होती.

मग रूपेशचा आवाज आला, कटकट्या, रोजच्यासारखा. लोट्याच्या खोलीचं नाव नव्हतं त्यात. "आये, एवढ्या उन्हातून पोरीला नेलीस, डोक्यावर कायतरी घालायचं होतंस. ताप आला तर रात्रभर कोण बसणार हाय?"

"मीच बसंन," शकू म्हणाली. "तू शिफ्टला जा."